ऊसतोडीला गेलेली मंडळी कोणाची?

वाचकांचे प्रश्न

हा अंक हाती पडेल तोवर दिवाळी झालेली असेल आणि कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतील. म्हणून पाथर्डीचं पत्र सगळ्यांत आधी घेते, बाकीची मागून.

सलाम बाई. आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडी, आणि त्यांतली निम्मी ऊसतोडीची. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि चर्च रिकामं होतं. नाताळ आम्ही कोपीवर, तोडीच्या मुक्कामावरच्या झोपडीत, करतो, म्हणजे करतच नाही. इकडे वहीत आमच्या नावापुढे 'गैरहजर' पडतं. तिकडे कारखान्याच्या गावाला चर्च असतं, पण आम्हांला कोणी ओळखत नाही आणि कामाच्या कपड्यांवर आत जायला मन धजत नाही. आम्ही नेमके कोणत्या मंडळीचे, म्हणजे कोणत्या चर्चचे?
— एक वाचक, पाथर्डी तालुका

तुम्ही दोन्हीकडच्या मंडळीचे आहात. तसं तुम्हांला वाटत नाही यात तुमची कसूर नाही. मंडळीच्या कमिटीने करायचं एक साधं काम होत नाही, म्हणून हे होतं.

ते काम म्हणजे एक पत्र. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय उघडून बघा. सुरुवातच किंख्रिया गावच्या फिबीपासून आहे. ही आपली बहीण आहे, तिचं स्वागत करा, तिला लागेल ती मदत करा, असं तो कळवतो. एका गावची बाई दुसऱ्या गावी निघाली तर तिच्याआधी तिची ओळख पोचली पाहिजे, ही काळजी पहिल्या शतकातल्या मंडळ्यांना होती. आपल्याकडेही मुलगी लग्न होऊन सासरी गेली किंवा कोणी नोकरीला पुण्या-मुंबईला गेलं की सभासदत्वाचा दाखला जातो. मग पाच-सहा महिने घरदार बांधून जाणाऱ्या कुटुंबांसाठी चार ओळी का जाऊ नयेत?

दसऱ्यानंतरच्या रविवारी उपासना झाली की सेक्रेटरींनी वही घेऊन बसावं. कोणती घरं निघाली, कोणत्या कारखान्याला, टोळीचा मुक्काम कुठे पडणार, सोबत मुलं किती आणि कितवीतली, कोणाचं दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) व्हायचंय, घरात कोणाला दिवस गेलेत का, आणि टोळीतल्या एकाचा तरी मोबाइल नंबर. एवढं लिहून पाळकांची सही घ्यावी आणि कारखान्याजवळच्या मंडळीच्या पाळकांना ते पाठवावं. नंबर मिळत नसेल तर आपल्या डायोसिसच्या, म्हणजे बिशपांच्या प्रांताच्या, ऑफिसातून तिकडच्या ऑफिसात कळवावं. सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात प्रेस्बिटेरियन मिशनच्या काळापासूनच्या जुन्या मंडळ्या आहेत. पुणे आणि सोलापूरकडेही आहेत. कोणी ना कोणी सापडतंच.

आता तिकडच्या पाळकांसाठी आणि वडीलजनांसाठी, म्हणजे मंडळीच्या निवडलेल्या पुढाऱ्यांसाठी, दोन शब्द, कारण हे पान तेही वाचतात. कोपीवर रविवारी सकाळी जाऊन कोणी भेटत नाही. टोळी पहाटे फडात गेलेली असते आणि गाडी भरून कारखान्यावर खाली होईपर्यंत रात्र होते. रविवारची सुट्टी हा प्रकार तिथे नाही. कारखाना बिघाडाने बंद पडला किंवा तोड थांबली तर सुट्टी, आणि ती आदल्या दिवशी कोणाला माहीत नसते. म्हणून त्या एका मोबाइल नंबरचं महत्त्व. त्यांनी फोन केला की त्याच संध्याकाळी निघायचं.

अशी एक उपासना माझ्या डोळ्यांपुढे आहे. ट्रॅक्टरचा दिवा लावून ठेवलेला, बसायला पाचट. ट्रॉलीच्या दांडीला साडीची झोळी बांधून तान्ह्याला त्यात निजवलेलं. बायका भजन म्हणत होत्या आणि हात परातीत होते, कारण पहाटेच्या भाकरी रात्रीच थापून ठेवायच्या असतात. पाळकांनी विचारलं, प्रार्थना कशासाठी करू? आजारपण, परीक्षा, असं काहीतरी ऐकायला मिळेल असं आम्हां शहरातून गेलेल्यांना वाटलं होतं. एक बाई म्हणाली, "यंदा उचल फिटू दे." उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. मग एकेक जण तेच म्हणाला. पाळकांनी प्रत्येक घराचं नाव घेऊन तीच प्रार्थना केली, एकही नाव गाळलं नाही. प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचं, ताट त्याच परातीशेजारी मांडलं होतं.

आणखी तीन गोष्टी तुमच्या कमिटीला माझं नाव सांगून सांगा. पहिली, वहीतला 'गैरहजर' हा शब्द खोडून 'कामानिमित्त बाहेरगावी' लिहायचं. दुसरी, वार्षिक सभा टोळ्या परत आल्यावर, गुढीपाडव्यानंतर ठेवायची. हंगामात सभा घेतली तर निम्म्या मंडळीचं मत न घेताच वडीलजन निवडले जातात. तिसरी, दृढीकरणाचा वर्ग उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, न घेता जून ते सप्टेंबरमध्ये घ्यायचा. उपवासकाळात तुमची मुलं उसाच्या फडात असतात.

जय ख्रिस्त. आमच्या पास्टोरेटमध्ये सात गावं आहेत आणि पाळक एक. आमच्या गावाला त्यांचा महिन्यातला एकच रविवार येतो. बाकीच्या रविवारी कधी पंधरा माणसं जमतात, कधी आठ. जुनी माणसं म्हणतात की पाळकांशिवाय केलेली उपासना अर्धी. तरुण म्हणतात की मोबाइलवर चांगल्या वक्त्याचा संदेश लावून ऐकू. आम्ही काय करावं?
— मंडळीतील एक तरुण, राहुरी तालुका

उपासना पूर्ण असते. पाळक प्रभुभोजन देतात, बाप्तिस्मा देतात, ते त्यांनीच द्यायचं. पण स्तुती, पापकबुली, वचनवाचन, मध्यस्थीची प्रार्थना, अर्पण, यांपैकी कशासाठीही तुम्हांला कोणाची वाट बघायची गरज नाही. शेवटी सर्वांनी मिळून कृपेची प्रार्थना म्हणावी आणि घरी जावं.

पौल आणि बर्णबा लुस्त्र, इकुन्य, अंत्युखिया अशा गावांतून फिरले तेव्हा कुठेही कायमचे राहिले नाहीत. प्रेषितांची कृत्ये १४:२३ मध्ये आहे की त्यांनी प्रत्येक मंडळीत वडील नेमले, उपास करून प्रार्थना केली आणि पुढच्या वाटेला लागले. त्या मंडळ्या त्या वडिलांनी चालवल्या. फिरते सेवक आणि गावात राहणारे वडील, अशा दोघांवर मंडळ्यांचं जाळं उभं राहिलं.

आपल्याकडेही तसंच होतं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं केलं आणि तिथून खेड्यांत शाळा काढल्या. आठवडाभर ज्या खोलीत बाराखडी चालायची त्याच खोलीत रविवारी उपासना व्हायची, आणि दोन्ही चालवायचे मास्तर. दुपारच्या वेळी बायबलबाई घरोघर जाऊन बायकांना वचन शिकवायच्या. पाळक तेव्हाही लांबच्या गावाहून, बैलगाडीने किंवा घोड्यावरून यायचे. पुढे मिशनच्या शाळा एकेक करून बंद पडल्या, मास्तरांची जागा गेली आणि बायबलबाईंचा पगार थांबला. रविवारची जबाबदारी मात्र कोणाच्या नावावर चढवायची राहून गेली. म्हणून लोकांना वाटायला लागलं की पाळक आले तरच उपासना. तुमच्या गावातल्या जुन्या माणसांना विचारा, त्यांच्या लहानपणी उपासना कोण चालवायचं? मास्तरांचंच नाव निघेल.

नेवासा तालुक्यातल्या एका गावात मी एका रविवारी होते. पेटीचे दोन सूर बसलेले, ढोलकी मात्र ठणठणीत. उपासना चालवणारी बाई शेतमजुरी करणारी. इब्री लोकांस पत्राचा सातवा अध्याय वाचायला एका शाळकरी मुलीला उभं केलं होतं. ती ओळीखाली बोट धरून वाचत होती. 'मलकीसदेक' शब्दाला अडली, पुन्हा मागे गेली, पुन्हा अडली. पहिल्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या आजींनी डोळे न उघडता ते नाव सांगितलं आणि पुढची ओळही म्हणून टाकली. आजींना अक्षर ओळख नाही. सत्तर वर्षांपूर्वी एका बायबलबाईंनी त्यांच्याकडून पाठ करून घेतलेलं ते तसंच होतं. मुलगी हसली आणि पुढे वाचायला लागली. त्या दिवशी पाळक नव्हते. तिथे काय कमी होतं, हे मला कोणी दाखवून द्यावं.

मोबाइलवरच्या संदेशाला माझा विरोध आहे. वक्ते वाईट असतात म्हणून नव्हे. त्यांना तुमच्या गावात या आठवड्यात कोणाची म्हैस मेली, कोणाच्या मुलाला पोलीस घेऊन गेले, हे ठाऊक नसतं. त्यापेक्षा असं करा. पाळकांना सांगा की चारही रविवारांची वाचनं महिन्याच्या सुरुवातीला पाठवून द्या. नेमून दिलेलं वाचन दोनदा वाचा, एकदा मोठ्या माणसाने, एकदा मुलाने. मग उपासना चालवणाऱ्याने दोनच प्रश्न विचारावेत. यात देव काय करतो? आपल्याला काय करायला सांगतो? दहा मिनिटं कोणी बोललं नाही तरी चालेल. तिसऱ्या रविवारी बोलायला लागतात, हा माझा अनुभव आहे. चालवणाऱ्यांची पाळी लावा आणि त्यात बायकांची नावं पुरुषांइतकीच ठेवा.

गाण्यांची तर तुम्हांला काळजीच नको. तुमच्या राहुरीत रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई राहून गेलेत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्याआधी आपल्या चर्चमधली बरीचशी गीतं परक्या चालींवर बेतलेली असायची, ती पेटीवाल्याशिवाय उचलायची नाहीत. टिळकांनी अभंग आणि ओव्या दिल्या. त्यांना टाळ पुरतात. 'उपासना संगीत' काढा आणि त्यातली टिळकांची भजनं आधी बसवा.

एक विनंती. दर रविवारी बाकीच्या सहा गावांपैकी एका गावाचं नाव घेऊन तिथल्या लोकांसाठी प्रार्थना करा, आणि त्या गावाला फोन करून तसं सांगा. सात गावं एका पाळकांच्या मोटरसायकलीने जोडलेली आहेत एवढंच पुरेसं नाही. पौल कलस्सैकरांना लिहितो की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचा, आणि त्यांच्याकडचं तुम्ही वाचा. दोन गावांनी एकमेकांशी बोलावं म्हणून त्याने ती तजवीज केली होती.

आमची मंडळी शहरातली. दरवर्षी डायोसिसला मोठी रक्कम जाते आणि आमच्याच चर्चचं छप्पर गळतंय. खेड्यांतल्या मंडळ्या जवळजवळ काही देत नाहीत, तरी त्यांनाही पाळक मिळतो. आम्ही किती वर्षं ओढायचं?
— एक खजिनदार

खजिनदारसाहेब, तुमच्या चर्चचं बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर कपाटातून काढा आणि आईबापांच्या गावांची नावं वाचा. वडाळा, कोल्हार, शेवगाव, पारनेर अशीच नावं निघतील. शहरातली मंडळी खेड्यांनी वाढवून दिलेली आहे. पोरं तिथे मोठी झाली, वचन तिथे शिकली, आणि पगार हातात यायला लागला तेव्हा अर्पण तुमच्या पेटीत पडायला लागलं. खेडी काही देत नाहीत, हा हिशेब रुपयांच्या रकान्यापुरता खरा आहे. हंगामाच्या सणाला, पीक हाती आल्याच्या उपकारस्तुतीच्या सणाला, तिथे पायलीभर बाजरी, कोंबडी, भोपळा येतो, त्याचा लिलाव होतो, आणि जमलेल्या थोडक्या पैशांतून दिवाबत्ती चालते. त्या बाजरीची नोंद तुमच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून द्यायचं थांबवू नका. पाळकांचे पगार एकत्र निधीतून होतात म्हणूनच लहान गावाला पाळक मिळतो. ज्या मंडळीची ऐपत तिचाच पाळक, असं झालं तर दहा वर्षांत खेड्यांतली चर्चेस गोदामं होतील.

पण विचारायचंही थांबवू नका. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय अर्पणाच्या रविवारी हमखास वाचला जातो. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी स्वतः गरिबीत असून यरुशलेमच्या गरिबांसाठी कसं दिलं, ते सांगतो आणि आपण थांबतो. पुढे वाचत नाही. पुढे पौल सांगतो की ही रक्कम नेताना मंडळ्यांनी निवडून दिलेला एक भाऊ बरोबर आहे, या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणी आम्हांला दोष लावू नये म्हणून. प्रेषितालाही पैशाच्या बाबतीत सोबतीला साक्षीदार लागला. तर मग आपल्या डायोसिसच्या ट्रस्टला हिशेब विचारणं म्हणजे बंड नव्हे.

आपले ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येतात. ३१ मार्चला वर्ष संपतं, हिशेबाचं ऑडिट होतं आणि ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातं. तुमच्या पास्टोरेट कमिटीत ठराव करा की मागील वर्षाचा ऑडिट झालेला ताळेबंद आणि पाळकांच्या पगाराला किती गेले याचा तपशील मिळावा. डायोसिसन कौन्सिलला जाणाऱ्या तुमच्या प्रतिनिधीच्या हातात तो ठराव लेखी द्या. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला चहाच्या वेळी उत्तर मिळतं आणि तिथेच संपतं. छपराचं मात्र डायोसिसवर ढकलू नका. त्यासाठी या वर्षीच्या हंगामाच्या सणाचं अर्पण वेगळं काढा आणि उरलेलं अंदाजपत्रकात मागा.

मुलीचं लग्न चर्चमध्ये संध्याकाळी साडेसातला ठेवलंय, हॉल तेव्हाच मिळाला. पाळक म्हणतात सातच्या आत लावा. थोडं इकडे-तिकडे चालत नाही का?
— मुलीची आई, श्रीरामपूर

नाही चालत, ताई. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे आणि त्यात लग्नविधीची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी घातलेली आहे. काही ठरावीक चर्चेससाठी विशेष परवान्याची सोय आहे, पण हॉल उशिरा मिळाला हे त्यासाठीचं कारण होऊ शकत नाही. पाळक तुमच्या मुलीच्याच भल्याचं सांगतायत. उद्या पासपोर्टला किंवा वारसाहक्काला त्या दाखल्याची गरज पडेल. विधी पाच वाजता चर्चमध्ये करा, रजिस्टरवर सह्या घ्या आणि जेवणं साडेसातला हॉलवर होऊ द्या. पाहुण्यांना पत्रिकेत दोन वेळा छापून द्या.

आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. सून बाप्टिस्ट घरातली. नातवाचा बाप्तिस्मा आत्ता करायला ती तयार नाही, तो मोठा होऊन स्वतः ठरवेल म्हणते. आमच्याकडे सगळ्यांचे लहानपणीच झाले. घरात रोज वाद. पाळकांकडे जायचीही लाज वाटते.
— एक आजोबा, नाशिक

आजोबा, लाज कसली? तुमच्या घरात चाललेला वाद आपल्या चर्चने एकत्र येताना समोरासमोर बसून मिटवलेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चेस एक झाली. त्यांत अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते, आणि आपल्या नगरकडच्या मिशनच्या मंडळ्या ज्यात होत्या ते युनायटेड चर्च होतं. हे सगळे लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे. आणि बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स हे विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारे. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या मतावर पक्की होती, आणि तरी कोणी कोणाला खोटं ठरवलं नाही. दोन्ही रीती मान्य झाल्या. लहानपणी बाप्तिस्मा घेतलेला मुलगा मोठेपणी दृढीकरणात स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतो. ज्या घराला थांबायचं असेल ते बाळाचं मंडळीसमोर समर्पण करतं आणि बाप्तिस्मा पुढे होतो. दोघांनाही शेवटी प्रभुभोजनाच्या एकाच मेजावर बसायचं असतं.

तेव्हा सुनेचं म्हणणं आपल्या चर्चच्या नियमातच बसतं. पाळकांकडे तुम्ही, सून आणि मुलगा असे तिघं मिळून जा. सुनेला एकटीला पुढे करू नका. समर्पणाची उपासना ठेवा, नातवाला तुम्ही स्वतः हातात घेऊन उभे राहा, आणि त्याला वचन शिकवायचं वचन मंडळीसमोर द्या. एकच पथ्य: एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा नाही. सुनेच्या माहेरच्यांनी तुमच्या मुलाचा पुन्हा करा असा आग्रह धरला तर तिथे मात्र नम्रपणे नाही म्हणा.

चर्चच्या मागची मोकळी जागा विकून नवीन हॉल बांधावा असं कमिटीतल्या काहींचं चाललंय. बोलणी झाली म्हणतात. आम्ही साधे सभासद, काय करू शकतो?
— तीन सभासदांच्या सह्यांचं पत्र

बोलणी झाली म्हणजे काहीच झालेलं नाही. सार्वजनिक ट्रस्टची जमीन विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ती नसताना केलेला व्यवहार टिकत नाही. आधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा आणि जागा कोणत्या ट्रस्टच्या नावावर आहे ते बघा. पुष्कळ ठिकाणी ती गावच्या मंडळीच्या नावावर नसते आणि कमिटीला विकायचा अधिकारच नसतो. मग कमिटीला लेखी विचारा, पोच घ्या, एक प्रत बिशपांना पाठवा. त्या जागेत जुनी दफनभूमी असेल तर तेही लिहा. भांडणाची भाषा नको, पण सह्या तीनाच्या तीस करा.

बाई, मी बी.ए. झाले. मला बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) करून पाळक व्हायचंय. पप्पा म्हणतात, शिक, पण शाळेत शिक्षिका हो, बाईला कोणती मंडळी पाळक म्हणून घेणार? आमचे वडीलजन तर हसलेच. एक जण म्हणाले, रात्री मयत झाली तर तू जाणार का? मी काय उत्तर देऊ?
— एक मुलगी, शेवगाव तालुका

बाळा, त्यांना सांग, जाईन. मयत झालेल्या घरी रात्री सगळ्यांत आधी कोण पोचतं? बायकाच. रडणाऱ्याला धरून बसायचं काम गावोगाव बायकाच करत आल्या आहेत, फक्त त्यांच्या हातात उपासनेचं पुस्तक दिलेलं नसतं.

तुझ्या पप्पांचा प्रश्न मात्र खरा आहे, त्यांच्यावर चिडू नकोस. चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, नियमात काही अडचण नाही. दक्षिणेकडच्या चर्च ऑफ साउथ इंडियाने तर २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता यांना नंद्याळ डायोसिसच्या बिशप म्हणून नेमलं. अडचण आहे ती आपल्या मंडळ्यांच्या सवयीत. सुरुवातीला काही जण तुझ्या हातून प्रभुभोजन घ्यायला पुढे येणार नाहीत, हे धरून चाल. ज्या घरात सासरे-दीर बसलेले असताना पाळक ओसरीवरून परत येतात त्या घराच्या चुलीपर्यंत तू जाशील, आणि तिथून तुझी मंडळी उभी राहील. मी हे होताना पाहिलंय.

बाई वचनाचा अर्थ काय सांगणार, असं कोणी म्हटलं तर पंडिता रमाबाईंचं नाव घे. इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीने सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. तिथे खिळे जुळवणाऱ्याही मुक्तीतल्याच बायका होत्या. मराठी वाचणाऱ्या मंडळीला बायबलचं एक पूर्ण भाषांतर एका बाईच्या हातून मिळालेलं आहे.

आता कामाचं. बी.डी. सेरामपूरच्या सिनेटशी, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या संस्थेशी, जोडलेल्या सेमिनरीत होते. आपल्या भागातल्या मुलांना पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी जवळ पडते, मराठी मंडळ्यांची नाळ तिथे आहे. पण डायोसिसची उमेदवार म्हणून जायचं असेल तर आधी तुझ्या पास्टोरेट कमिटीची शिफारस लागते, मग बिशपांकडे मुलाखत. शिक्षण झालं की काही काळ शिकाऊ सेवा, मग डीकन म्हणून पहिली दीक्षा, आणि त्यानंतर प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण पाळक. घाईने काही होत नाही आणि तशी घाई बरीही नव्हे.

मुलाखतीत तुला विचारतील की खेड्यात राहशील का. हो म्हण, आणि तिथेच तुझ्याही दोन गोष्टी विचार: नेमणुकीच्या गावी पाळकांच्या घराला आतून कडी आणि संडास आहे का, आणि फिरायला गाडी मिळेल का. हे विचारलं म्हणून कोणी तुला कमी श्रद्धेची म्हटलं तर मला कळव.

हसलेल्या वडीलजनांकडे आत्ता जाऊ नकोस. तुमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंना भेट, त्यांना तुझ्यासाठी ठराव करायला सांग, आणि तो ठराव जोडूनच कमिटीकडे अर्ज दे. जानेवारीच्या सभेपुढे तो यायला हवा असेल तर नाताळच्या गडबडीआधी सेक्रेटरींच्या हातात पडला पाहिजे. पाळकांकडून तुझ्या बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या दाखल्यांच्या प्रती याच आठवड्यात घेऊन ठेव.